वास नसलेले इंधन

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या स्वयंपाकघरांनी कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह आणि गॅस अशी तीन इंधने पाहिली. प्रत्येकाने आपला धोका आणला आणि प्रत्येकाबरोबर घर एक शिस्त शिकले. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचे नाही, पिन मारताना तोंड बाजूला ठेवायचे, हे आईकडून मुलीकडे गेले. 1950च्या दशकात बर्मा-शेलने मुंबईत घरगुती गॅस आणला आणि पुढे तो या उपनगरांत पोहोचला. मूळच्या गंधहीन गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हे बघायचे, हे लोकांच्या अंगवळणी पडले. झोपण्यापूर्वी ‘रेग्युलेटर बंद केला का?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येऊ लागला. गॅस घरात निर्धोक नांदला तो त्या वासामुळे आणि या प्रश्नामुळे. आता चौथे इंधन, विजेवर चालणाऱ्या स्कूटरची लिथियम-आयन बॅटरी, दाराशी आले आहे. त्याला गॅससारखा वेळेवर सावध करणारा वास नाही, आणि त्याच्यासाठी विचारायचा प्रश्नही आपण अजून घडवलेला नाही. तो घडवणे हे सोसायट्यांचे आणि चाळींचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुळात ‘बॅटरी’ हा शब्दच आपल्याला गाफील ठेवतो. मराठीत बॅटरी म्हणजे आधी उशाशी ठेवायची विजेरी. पुढे 2005च्या सुमारास मुंबई शहर भारनियमनातून वगळलेले होते, पण महावितरणच्या या पट्ट्यात वीज जात होती. तेव्हा घरोघर इन्व्हर्टर आले. त्यातली शिसे-आम्लाची बॅटरी गॅलरीच्या कोपऱ्यात असे. हवेशीर जागा आणि वेळेवर डिस्टिल्ड वॉटर एवढी काळजी पुरत असे, कारण आतला द्रव म्हणजे पाणी मिसळलेले आम्ल, आणि तो स्वतः पेटत नाही. लिथियम-आयनची जात निराळी. 1991 साली सोनीने बाजारात आणलेल्या या बॅटरीतला द्रव ज्वलनशील असतो. मार बसला, पाणी शिरले किंवा मर्यादेपलीकडे चार्जिंग झाले, तर सेल आतून तापतो. दोन टोकांमधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा साधारण 130 अंशांना वितळू लागतो आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. पावडरचे अग्निशामक यंत्र ज्वाळा दाबते, पण आतली धग उतरवत नाही. त्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

हा धोका दूरचा नाही. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत सप्टेंबर 2022 मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. यावर कुणी म्हणेल, पेट्रोलच्या गाड्याही पेटतात. खरे आहे, पण पेट्रोल आपण रात्री झोपलेल्या माणसांशेजारी भरत नाही. डोंबिवलीकरांना आग म्हटले की एमआयडीसी आठवते: 26 मे 2016 चा प्रोबेस कंपनीतला स्फोट, 23 मे 2024 चा अमुदान केमिकल्समधला. ती भीती रास्तच आहे. मात्र कारखाना हलवा अशी मागणी करता येते, तशी स्वतःच्या दिवाणखान्याबद्दल कुणाकडे करणार?

दुसरा आक्षेप असा की ही जबाबदारी कंपन्यांची आणि सरकारची. ती आहेच. विजेवरच्या स्कूटरना 2022 मध्ये लागलेल्या आगींनंतर केंद्राने एआयएस-156 या मानकातल्या बॅटरी-चाचण्या कडक केल्या आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू केल्या. पण मानक नव्या गाडीला लागते. गल्लीत दुरुस्त केलेला जुना पॅक किंवा मूळ चार्जर बिघडल्यावर आणलेला स्वस्त चार्जर त्याच्या कक्षेबाहेर राहतो. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली अशा बॅटऱ्यांमुळे 268 आगी लागल्या आणि 18 माणसे मेली. त्या शहराने प्रमाणित बॅटरीची सक्ती केली आणि लोकशिक्षणही चालू ठेवले. कायदा आणि सवय, दोन्ही लागतात.

‘मग सोसायटीत चार्जिंगच बंद करा’ हा तिसरा सूर. त्याने बॅटरी नाहीशी होत नाही, दृष्टीआड जाते. दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली जाते, किंवा काढता येणारी बॅटरी घरात आणून दाराजवळच, म्हणजे पळण्याच्या एकमेव वाटेवर, चार्जिंगला लागते. त्यापेक्षा जिना आणि मीटरबॉक्सपासून दूर, पावसाचे पाणी साचत नाही अशी जागा नेमावी. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत द्यावाच लागतो. त्याच दिवशी रहिवाशांना जमवून फुगलेली बॅटरी कशी दिसते, ती का वापरू नये आणि पेटली तर आधी बाहेर पडून 101 का फिरवायचा, हे दाखवता येईल. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीतूनच सुरू झाली आणि राज्यभर गेली. तिच्यातल्या एका चित्ररथावर हा विषय सहज मावेल. प्रथा घडवणे या गावांना नवे नाही. रेग्युलेटरच्या प्रश्नाला आता एक जोडप्रश्न हवा: ‘झोपण्याआधी चार्जर काढला का?’