भुकेचा हिवाळा आणि थांबलेली पाळी

"सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. मग डॉक्टर, पाळी का येत नाही?"

गेल्या काही महिन्यांत तुम्ही वजन भराभर कमी केलं असेल, किंवा परीक्षेचा, नोकरीचा, घरातला मोठा ताण सोसत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. त्याचं उत्तर समजून घेण्यासाठी आपण ऐंशी वर्षं मागे जाऊया. कारण या उत्तराचा मोठा भाग डॉक्टरांना दुसऱ्या महायुद्धात मिळाला.

नेदरलँड्स, १९४४-४५

सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी जर्मनांविरुद्ध संप केला. बदला म्हणून जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारं अन्न अडवलं. त्यात कडाक्याची थंडी पडली आणि कालवे गोठले. ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत माणसाला दिवसाला हजार कॅलरींपेक्षाही कमी शिधा मिळू लागला. 'भुकेचा हिवाळा' म्हणतात तो हाच. या काळात असंख्य स्त्रियांची पाळी अनियमित झाली किंवा पूर्ण थांबली. त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या झपाट्याने घसरली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला, अन्न आलं, पाळ्या परतल्या आणि पाळणेही हलू लागले.

आपल्याकडेही १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर वऱ्हाडातल्या जन्मांच्या नोंदींत अशीच घट दिसते. तिथे कुटुंबांची ताटातूट, स्थलांतर, साथीचे आजार अशी इतरही कारणं होती, पण उपासमार हे त्यातलं एक मोठं कारण.

मनिला, १९४२

मग सगळा दोष भुकेचाच का? नाही. जपानने मनिला घेतल्यावर तिथल्या सांतो तोमास विद्यापीठात अमेरिकन, ब्रिटिश आदी परदेशी नागरिकांना कैदेत ठेवलं. कैदेतल्या अनेक स्त्रियांची पाळी बंद झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आणि १९४४ साली ते निरीक्षण प्रसिद्ध झालं. महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यातल्या बऱ्याच जणींची पाळी कैदेच्या सुरुवातीलाच थांबली होती. तोवर शरीर खंगण्याइतकी उपासमार झालीच नव्हती. बॉम्बहल्ले, घर सुटणं, उद्याची खात्री नसणं, एवढं पुरेसं होतं.

शरीरात नेमकं काय होतं?

पाळीची सूत्रं गर्भाशयाच्या नव्हे, मेंदूच्या हातात असतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एक हार्मोन सोडतो. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला संदेश देते आणि स्त्रीबीज तयार होतं. शरीरात ऊर्जा कमी पडली, किंवा ताणामुळे कॉर्टिसॉल वाढलेलं राहिलं, की मेंदू हे संदेश मंदावतो. गर्भ वाढवण्याची ही वेळ नव्हे, असा त्याचा हिशोब असतो.

१९७४ साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडलं, की पाळी सुरू होण्यासाठी आणि टिकण्यासाठी शरीरात किमान चरबी लागते. चरबीच्या साठ्याची बातमी मेंदूला देणारं लेप्टिन हे हार्मोन १९९४ मध्ये सापडलं. पुढे हेही कळलं, की फक्त वजनाचा आकडा पाहून चालत नाही. खाणं कमी आणि व्यायाम जास्त असेल, तर 'नॉर्मल' वजनाच्या मुलीचीही पाळी थांबू शकते.

आता तुमच्याविषयी

तुमच्या घरात धान्य भरलेलं आहे, पण हायपोथॅलॅमसला ते दिसत नाही. लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचं डाएट आणि युद्धातली टंचाई त्याच्या लेखी सारखीच.

"पाळीची कटकट नाही, बरंच झालं" असं मात्र समजू नका. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेनही घटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. विशी-पंचविशीत झालेलं हे नुकसान पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

- सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना भेटा. गर्भधारणा, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस ही कारणं आधी तपासावी लागतात.
- किती वजन उतरलं, काय खाता, किती व्यायाम करता, झोप आणि ताण कसा आहे, हे न लाजता सांगा.
- गोळ्यांनी रक्तस्राव येतो, पण मूळ कारण तसंच राहतं. खाणं वाढवणं, व्यायाम आटोक्यात आणणं आणि ताणावर मदत घेणं हाच खरा उपचार.
- पाळी नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं नाही. पहिली पाळी परतण्याआधीच स्त्रीबीज बाहेर पडू शकतं.

त्या हिवाळ्यानंतर बहुतेक डच स्त्रियांची पाळी परत आली, ती पोटभर अन्न मिळाल्यावर. तुमचं शरीरही बिघडलेलं नाही. ते फक्त टंचाई संपण्याची वाट पाहत आहे.