वॉर्डातला प्लेग, घरातला प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, हा त्यांचा राग होता आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण दाखल झालेल्यांपैकी बहुतेक दगावत होते. सरकारचे मत वरकरणी याच्या उलट दिसते. रोगी घराबाहेर काढा, इस्पितळात कोंडा, बाकीच्यांना सेग्रेगेशन कँपात धाडा, हीच पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडसाहेबांनी चालवलेली रीत. पण रोगी माणूस हाच धोका, हे सरकारने आणि जमावाने सारखेच गृहीत धरले होते. ते खरे असते, तर सर्वांत आधी मरायला हवे होते ते वॉर्डात राबणारे लोक. नेमके तेच झाले नाही.

गाठीच्या प्लेगचे रोगी दिवसरात्र हाताळणारे डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय यांना लागण क्वचितच झाली. रोग्यापाशी बसून राहणारे नातलगही सहसा बचावले, असे त्या काळचे वैद्यकीय अहवाल सांगतात. म्हणजे धष्टपुष्ट युरोपियन तेवढे वाचले, ही पळवाट इथे चालत नाही. आज कारण सरळ दिसते. रोग पसरवते ती उंदरावरची पिसू. घरात उंदीर पडू लागले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. मांडवीत धान्याची गोदामे होती आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर माणसे राहत. इस्पितळाच्या मोकळ्या शेडमध्ये ना धान्य, ना उंदरांची बिळे; रोग्याचे कपडे उतरवले की पिसवाही गेल्या. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा प्रयोग केला, पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत गिनीपिगांचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवून तेच सिद्ध केले. पिसवा पोचणार नाहीत असे पिंजरे केले की आतले प्राणी जगत. वॉर्डातल्या नोकरांची धडधाकट तब्येत हाच पुरावा आधीची कितीतरी वर्षे देत होती, पण त्याचा अर्थ लावायची गरज घरे उपसून काढणाऱ्या सरकारी प्लेग कमिटीला वाटली नाही.

मग रोग्यांची सेवा करताना मेलेल्यांचे काय? जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. मॅन्सर गेले, पाठोपाठ त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही. हा गाठीचा प्लेग नव्हता, फुप्फुसाचा होता. त्याच सुमारास डॉ. चाइल्ड यांना शवविच्छेदनात अशा रोग्यांची फुप्फुसे जंतूंनी भरलेली आढळली. इथे पिसू मध्ये लागत नाही, खोकला पुरतो. याहून बोलका दाखला व्हिएन्नाचा. डॉ. हर्मान म्युलर १८९७ मध्ये मुंबईत येऊन प्लेगच्या रोग्यांत वावरले आणि सुखरूप परतले. मुंबईहून नेलेल्या जंतूंवर तिकडे प्रयोगशाळेत काम सुरू होते. १८९८ च्या ऑक्टोबरात तिथल्या नोकराला, फ्रान्झ बारिशला, फुप्फुसाचा प्लेग झाला. त्याच्यावर उपचार करणारे म्युलर आणि परिचारिका आल्बिने पेखा हे दोघे त्याच महिन्यात दगावले. माणूस तोच, जंतू तोच. बदलली ती फक्त रोगाची वाट.

सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण याविरुद्ध पुढे करता येईल. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगने गेल्या, असे सांगितले जाते. त्यांना लागण नेमकी कशी झाली ते आता ठरवता येणार नाही. पण त्या खाटेशेजारी थांबून राहिल्या नव्हत्या, रोगी आणायला साथीच्या वस्तीत जात होत्या, आणि धोका तिथेच होता.

अवघड आक्षेप वेगळाच आहे: मोजले कोणाला? डॉक्टर किंवा गोरी परिचारिका आजारी पडली की नोंद व्हायची. हमाल किंवा हलालखोर आजारी पडला तर तो गावी पळायचा, नाहीतर चाळीतच मरायचा. तेव्हा वॉर्ड सुरक्षित होते हे खालच्या नोकरांबाबत तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. मात्र हा आक्षेप दुसऱ्या बाजूनेही लागू पडतो. हा नोकर पाळी संपवून ज्या खोलीत झोपायला जाई, तिच्या जमिनीखाली उंदीर होते. त्याला ताप भरला तर इस्पितळाच्या वहीत दोष रोग्याच्या स्पर्शाला गेला असता, आणि खोलीतल्या मेलेल्या उंदराची नोंद त्या वहीत कुठेच झाली नसती.