कोठीमापन (मधमाशीपालन)

मधमाश्यांच्या पोळ्यातील षट्कोनी कोठीची सरासरी रुंदी ठरविण्याची पद्धत. बेल्जियममधील बोदू यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कोठीचा पुरस्कार केला. पुढे युरोपीय माशीसाठी सुमारे ५.४ मिमी. छापाचा मेणपत्रा (पहा : मधुपेटी) रूढ झाला. ४.९ मिमी.च्या लहान कोठीने व्हरोआ माइट (पहा) घटते, हा दावा बहुतेक नियंत्रित प्रयोगांत टिकला नाही. मापनासाठी सलग दहा कामकरी कोठ्यांची लांबी एका भिंतीपासून मोजून दहाने भागतात. पोळे ताणलेले असू शकते, म्हणून तिन्ही दिशांनी मोजणे आवश्यक. नरकोठ्या मोठ्या असल्याने वगळतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील आग्या माशी उघड्यावर एकच पोळे बांधते. तिच्या नर व कामकरी कोठ्या मात्र सारख्याच असतात. पेटीत पाळली जाणारी सातेरी (पहा) मुळातच लहान कोठी बांधते. तिला युरोपीय मापाचा मेणपत्रा देणे अयोग्य.