लाल खुर्चीचे मानकरी

बॅट चेंडूवर नीट बसली की एक आवाज होतो. बेसबॉलची बॅट गोल, सोट्यासारखी. त्यामुळे हा आवाज आपल्या ओळखीच्या क्रिकेटच्या आवाजापेक्षा कोरडा आणि कडक असतो. बक ओनील सांगत, की त्यातला एक खास आवाज त्यांनी आयुष्यात तीनदाच ऐकला. पहिल्यांदा लहानपणी फ्लोरिडात, बेब रूथ सराव करत असताना. दुसऱ्यांदा स्वतः खेळाडू असताना, जॉश गिब्सनच्या बॅटमधून. तिसऱ्यांदा १९८६ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, बो जॅक्सन नावाच्या तरुणाच्या बॅटमधून. चौथ्यांदाही ऐकू येईल या आशेने ते पुढची वीस वर्षं मैदानावर जात राहिले.

या तिघांमधले बेब रूथ गोरे होते. उरलेले दोघे कृष्णवर्णीय. जॉश गिब्सनसारख्या खेळाडूला अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये एक सामनाही खेळता आला नाही. १९४७च्या जानेवारीत वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी त्या लीगचं दार उघडलं. अवघ्या तीन महिन्यांचं अंतर!

ओनील यांचा जन्म १९११चा. त्यांचे आजोबा गुलामगिरीत वाढलेले. घर सारासोटा गावात. तिथे पोरवयात ते सेलरी नावाच्या भाजीच्या शेतात राबले. गावात हायस्कूल होतं, पण ते गोऱ्यांचं. त्यामुळे शिकायला दूर जॅक्सनव्हिलला जावं लागलं. त्याच सारासोटा हायस्कूलने १९९५ साली त्यांना सन्मानाने पदविका दिली. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

१९३८ साली ते कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघात आले. कृष्णवर्णीयांच्या लीगला त्या काळी ‘निग्रो लीग’ म्हणत. हा शब्द आज कोणी सहसा वापरत नाही, पण इतिहासातलं नाव म्हणून तो राहिला आहे. पहिली टिकाऊ निग्रो लीग १९२० साली याच कॅन्सस सिटीत स्थापन झाली होती. ती म्हणजे दुय्यम दर्जाचा खेळ, असं समजण्याचं कारण नाही. मोनार्क्स १९३० पासून दिव्यांचे खांब सोबत घेऊन गावोगाव रात्रीचे सामने खेळत. मुख्य लीगला ते सुचायला आणखी पाच वर्षं लागली. मात्र ज्या गावात टाळ्या मिळत, त्याच गावात जेवायला हॉटेल मिळेल याची खात्री नसे.

मधली काही वर्षं नौदलात गेली. १९४६ साली ओरा यांच्याशी लग्न झालं. त्या शाळेत शिकवत. खेळाडूचा संसार म्हणजे वर्षातले कित्येक महिने बसमध्ये. तरीही हा संसार एकावन्न वर्षं टिकला, १९९७ साली ओरा गेल्या तोपर्यंत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण कॅन्सस सिटीत ओनील यांना आपला वडीलधारा मानणाऱ्यांची गणती करणं अवघड आहे.

१९४८ पासून १९५५ पर्यंत ते मोनार्क्सचे मॅनेजर होते. म्हणजे संघ निवडणारे, शिकवणारे, ओरडणारे आणि पाठीवर हात ठेवणारे, सगळं एकच. हे काम विचित्र होतं. मुख्य लीगचं दार उघडलं होतं, त्यामुळे खेळाडू तयार झाला की मोठे संघ त्याला घेऊन जात. अर्नी बँक्स असाच १९५३ साली शिकागो कब्ज संघाकडे गेला. तो पुढे त्या संघाचा लाडका खेळाडू झाला आणि आपल्या आनंदी वृत्तीचं श्रेय ओनील यांना देत राहिला. मागोमाग प्रेक्षकही गेले. ज्या बदलाची ओनील यांनी उभ्या जन्मात वाट पाहिली, त्याच बदलाने त्यांची लीग संपवली. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

पुढे ते कब्ज संघासाठी गावोगाव हिंडून खेळाडू हेरू लागले. लू ब्रॉक त्यांनीच हेरलेला. १९६२ साली कब्जने त्यांना प्रशिक्षक नेमलं. मुख्य लीगमधले हे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. बातमी मोठी होती. पण बेसबॉलमध्ये सामना चालू असताना बेसजवळ उभं राहून धावणाऱ्याला इशारे करणारा प्रशिक्षक असतो. ती जागा ओनील यांना एकदाही मिळाली नाही. गंमत म्हणजे त्या वर्षांत कब्ज संघाला कायमचा मॅनेजरच नव्हता. प्रशिक्षकच आळीपाळीने प्रमुख होत. त्या पाळीतही ओनील यांचं नाव नव्हतं. मॅनेजर म्हणून आठ वर्षांचा अनुभव असलेला माणूस बाकावर बसून राहिला. मला वाटतं, उघड नकारापेक्षा हा सन्मान जास्त बोचणारा होता.

१९९० साली कॅन्सस सिटीत निग्रो लीगचं संग्रहालय सुरू झालं. त्यासाठी ते देशभर बोलत हिंडले. १९९४ साली केन बर्न्सची बेसबॉलवरची माहितीपट-मालिका टीव्हीवर आली आणि ऐंशी ओलांडलेले ओनील घरोघरी ओळखीचे झाले.

मग आलं २००६ साल. कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’ने जुन्या कृष्णवर्णीय खेळाडू व संघटकांसाठी खास समिती नेमली. बारा सदस्य, निवडून यायला नऊ मतं. सतरा जणांची निवड झाली. ओनील त्यांत नव्हते. एका मताने हुकले, असं तेव्हा सर्वत्र बोललं गेलं. ते सतराही जण हयात नव्हते, तेव्हा त्यांच्या वतीने बोलणार कोण? ओनील यांना विचारलं आणि ते लगेच तयार झाले.

३० जुलैला चौऱ्याण्णव वर्षांचा हा माणूस व्यासपीठावर उभा राहिला. आपण माणसांचा द्वेष करत नाही, असं सांगताना ते म्हणाले की द्वेष करायचा तर तो कर्करोगाचा, कारण त्याने आई नेली, बायको नेली. त्यालाच जोडून, आपण सध्या एकटेच आहोत, अशी बातमी त्यांनी समोरच्या महिलांना दिली. शेवटी सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून गायला लावलं.

या हसऱ्या चेहऱ्यामुळे एक गैरसमज होतो, की त्यांना अन्याय विसरता आला. विसरणारा माणूस सोळा वर्षं एका संग्रहालयासाठी झिजत नाही. ज्यांना कोणी पाहिलं नाही त्यांची नावं, त्यांच्या खेळी ते जाईल तिथे सांगत होते.

त्याच जुलैत एका लहान लीगच्या सामन्यात ते बॅट घेऊन उतरले होते. गोलंदाजाने मुद्दाम बाहेर चेंडू टाकून त्यांना चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं. ६ ऑक्टोबर २००६ रोजी ते गेले. डिसेंबरात अमेरिकेचं ‘मेडल ऑफ फ्रीडम’ जाहीर झालं, ते त्यांच्या भावाने स्वीकारलं. हॉल ऑफ फेमची निवड झाली २०२१च्या डिसेंबरात आणि समारंभ २०२२ साली. या वेळी समितीत सोळा जण होते, बारा मतं लागत होती. तेरा पडली.

कॅन्सस सिटीने मात्र इतकी वाट पाहिली नाही. कॉफमन स्टेडियमवर ते ज्या भागात बसून सामना पाहत, तिथली एक खुर्ची २००७ साली लाल करण्यात आली. आजूबाजूच्या खुर्च्या निळ्या. रॉयल्स संघाच्या घरच्या सामन्याला त्या खुर्चीवर समाजासाठी काही केलेली एखादी व्यक्ती बसवायची, असं ठरलं. तिथून बॅटचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.