इंदूरचा वाडा, गोव्याचे वारस : विक्रीवरील कर आणि विवरणपत्र

इंदूरच्या राजवाड्याभोवती, सराफा व खजुरी बाजाराच्या गल्ल्यांत, होळकरकाळापासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. तेथील वडिलोपार्जित घर गोव्याचा अधिवास असलेल्या दाम्पत्याकडे वारशाने आले आणि विकले गेले, तर कराचा हिशेब इतर राज्यांतील वारसांहून वेगळा होतो. हा फरक ठाऊक नसल्यास कर अधिक भरला जातो किंवा विवरणपत्र सदोष ठरते.

मूळ किंमत कोणती?

वारसा मिळाल्यावर कर लागत नाही. तो विक्रीच्या नफ्यावर लागतो. पूर्वजाने दिलेली किंमत हीच वारसाची खरेदी किंमत मानतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवसाचे बाजारमूल्य घेता येते. मात्र त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर बाजारमूल्य त्याहून अधिक धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल जपून ठेवावा.

दोन दरांतील निवड

२३ जुलै २०२४ पासून जमीन व इमारतींच्या दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के कर आहे. त्यापूर्वी संपादन केलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबास निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही खुला आहे. अनिवासी भारतीयांना तो नाही. परदेशस्थ गोमंतकीयांनी हे ध्यानी घ्यावे.

समजा, २००१ चे मूल्य २० लाख रुपये आणि २०२५-२६ मधील विक्री १ कोटीची. पहिल्या रीतीने नफा ८० लाख, कर १० लाख. दुसऱ्या रीतीने, निर्देशांक ३७६ असल्याने, मूळ किंमत ७५.२० लाख होते; नफा २४.८० लाख आणि कर ४.९६ लाख. अधिभार व उपकर वेगळे.

गोव्याचे वैशिष्ट्य

पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांची मालमत्ता विवाहाने सामाईक होते, त्यांचे वेतनाखेरीज सर्व उत्पन्न प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५-ए अन्वये पती-पत्नीत समान विभागले जाते. भांडवली नफाही त्यात येतो. विवाहकराराने मालमत्ता वेगळी ठेवणाऱ्यांना हे लागू नाही.

मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी काय? मुंबईतील एका मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्णय दिला, की गोव्याचा अधिवास असलेल्यांच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लागू होते. कलम ५-ए देखील मालमत्ता कोठे आहे, असा भेद करीत नाही.

वरील उदाहरणात प्रत्येकाच्या वाट्याला ४० लाखांचा नफा येतो. एकाच्याच विवरणपत्रात ८० लाख दाखवल्यास एकूण उत्पन्न ५० लाखांवर जाऊन १० टक्के अधिभार लागतो. विभागणीनंतर प्रत्येकाचे एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत राहिले, तर तो टळतो.

सवलती व मुदती

राहते घर विकून दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास, त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. सहा महिन्यांत विहित रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवता येते. घराचे ठरेपर्यंत, विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी, रक्कम भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी. ही सूट निर्देशांकाविना काढलेल्या, म्हणजे येथे ८० लाखांच्या, नफ्यातून वजा होते, हे विसरू नये.

विक्री व विवरणपत्र

करारातील किंमत मुद्रांक मूल्याहून कमी असून फरक १० टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर मुद्रांक मूल्यच विक्री किंमत धरतात. म्हणून इंदूरचे गाइडलाइन दर आधीच तपासावेत. ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापतो. खतावर एकाचेच नाव असल्यास ही कपात त्याच्याच पॅनवर दिसते. तिची विभागणी विवरणपत्राच्या ५-ए अनुसूचीत दाखवावी लागते. अशा दाम्पत्यास आयटीआर-१ चालत नाही. दोघांनीही आपापल्या विवरणपत्रात ही अनुसूची भरावी.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने त्यानंतरच्या विक्रीसाठी कलमांचे क्रमांक बदलतील. खत करण्यापूर्वी विवाहनोंद, वारसाचा दस्त आणि २००१ चे मूल्यांकन घेऊन सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.