रामेनचा वाडगा आणि नागासाकीची वाट

साध्या जपानी खाणावळीत डुकराच्या मांसाचे रामेन प्रथमच मागवणाऱ्याच्या पुढ्यात एक खोलगट वाडगा येतो. दुधासारखा पांढुरका, दाट रस्सा. त्यात गव्हाच्या पिवळसर शेवया. वर शिजवलेल्या मांसाचे पातळ काप आणि चिरलेली कांद्याची पात. हाडे तासन्‌तास खळखळ उकळली की त्यांतील मज्जा व चरबी पाण्यात एकजीव होते आणि रस्सा पांढरा पडतो. शेवयांच्या पिठात आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार घालतात. त्यामुळे त्यांना पिवळा रंग व चिवटपणा येतो. सणासुदीला विंदालू किंवा सोरपोतेल शिजवणाऱ्या आपल्या घरांना ही चव फारशी परकी वाटू नये. नवल आहे ते निराळेच. आज जपानची ओळख ठरलेला हा पदार्थ ज्या देशात रुजला, तो देश शतकानुशतके मांसाहाराला नाक मुरडत आला होता.

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने खाण्यास मनाई केली. रानडुक्कर व हरीण त्या यादीत नव्हते; तरीही बौद्ध विचारांच्या प्रभावाने पुढे मांसाहारच अशुद्ध मानला जाऊ लागला. १५८७ साली हिदेयोशीने येशूसंघीयांना जे जाब विचारले, त्यांत ‘तुम्ही गुरे व घोडे का खाता?’ हाही एक प्रश्न होता.

त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांतलेच. त्यामुळे नागासाकी हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. रामेनची एक वाटही याच बंदरातून जाते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढल्यानंतर चिनी व डच व्यापाऱ्यांना नागासाकी तेवढे मोकळे राहिले आणि चिनी वस्तीत डुकराचे मांस शिजत राहिले. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुना निषेध सैलावला. १८९९ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन यांनी नागासाकीत खानावळ काढली. गरीब चिनी विद्यार्थ्यांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून मांस, भाज्या व शेवया एकाच रश्श्यात घालून त्यांनी ‘चाम्पोन’ हा पदार्थ केला, असे सांगतात.

इकडे टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये ओझाकी कानइची यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून ‘राईराईकेन’ सुरू केले. या शेवयांना तेव्हा ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी शेवया, म्हणत. कुरुमे शहरी १९३७ मध्ये मियामोतो तोकिओ यांनी चाम्पोनवरून स्फूर्ती घेऊन डुकराच्या हाडांच्या रश्श्यातले रामेन हातगाडीवर विकायला सुरुवात केली. गाडीचे नाव ‘नानकिन सेनर्‍यो’. नानकिन म्हणजे चीनमधले नानजिंग शहर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानी सैन्याने ते शहर जिंकले आणि तेथे निःशस्त्र नागरिकांची कत्तल केली. चिनी माणसाच्या हातची चव हवीशी होती. त्या माणसाच्या जिवाची मात्र किंमत नव्हती.

मग १९४५ चा पराभव आला. भाताचे पीक बुडाले, वसाहतींतून येणारा तांदूळ बंद झाला आणि उपासमार दाराशी येऊन उभी राहिली. पुढे अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठावर काळ्या बाजारातल्या हातगाड्या चालू लागल्या. ओसाकात अशा एका गाडीपुढे कुडकुडत उभी असलेली माणसांची रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली. तैवानमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनीच १९५८ मध्ये पाकिटातले झटपट रामेन बाजारात आणले. तिरस्काराचा वास येणारा ‘शिना’ हा शब्दही युद्धानंतर मागे पडला आणि रामेन हे नाव रूढ झाले.

म्हणून हा वाडगा जपानचा खराच. पण त्यातली हाडे, शेवया आणि मांसाचे काप चिनी आचाऱ्यांनी दिले, गहू परदेशातून आला आणि भूक मात्र घरचीच होती. आपल्या जेवणावरून ज्यांना कधी परके ठरवले गेले, त्यांनी तो समोर आल्यावर चेन पिंगशुन यांच्या खानावळीत जेवायला आलेल्या त्या गरीब विद्यार्थ्यांचे क्षणभर स्मरण करावे आणि मगच पहिला घोट घ्यावा.