अंड्याची चकाकी

कृष्णधवल छायाचित्र इंकजेटवर छापून झालं की त्यावर तकतकीत पारदर्शक लेप द्यायचा, म्हणजे ते टिकतं, असा समज छपाईच्या धंद्यात रुजला आहे. लेपाने चित्र उठून दिसतं हे खरंच. पण चकाकी आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या नावावर दुसरी खपवण्याची सवय इंकजेटपेक्षा फार जुनी आहे. ती तपासायला हैदराबादइतकी चांगली जागा नाही, कारण भारतातल्या सर्वांत नामांकित स्टुडिओंपैकी एक इथलाच होता. मेरठजवळच्या सरधन्यात 1844 साली जन्मलेले, रुरकीत अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ इंदूरहून निजामाच्या राज्यात आले आणि सिकंदराबादला त्यांनी स्टुडिओ थाटला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि पुढे ‘राजा’ केलं. दरबार, शिकारी, राजवाडे आणि निजामाच्या मुलखातली आपली वेरूळची लेणीही त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर उतरली.

या काचांवरून त्या काळी ज्या प्रती निघत, त्या मुख्यतः अल्ब्युमेन कागदावर. अंड्यातला पांढरा भाग मीठ घालून फेटायचा, निवळू द्यायचा आणि त्यावर पातळ कागद तरंगत ठेवायचा. वाळल्यावर सिल्व्हर नायट्रेटचं पाणी द्यायचं आणि काचेखाली दाबून उन्हात धरायचं. अंड्याच्या थराने कागदाची रंध्रं बुजत, त्यामुळे चांदीचं चित्र तंतूंत न मुरता वरच राही. नुसत्या मिठाच्या कागदावर जो काळा करडा दिसे, तोच इथे खोल दिसू लागला. चकाकीचं काम एवढंच: गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड अस्ताव्यस्त विखुरत नाही, म्हणून काळा जास्त काळा भासतो. या काळ्याची हाव किती होती, तर 1888 साली ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने 18,674 रीम अल्ब्युमेन कागद काढला. रीममागे 27 डझन अंडी, म्हणजे वर्षाकाठी साठ लाखांहून जास्त. तेवढ्यानेही समाधान नव्हतं. पुठ्ठ्यावर डकवलेली प्रत साबणाचा हात फिरवून तापलेल्या पोलादी पट्टीवरून दाबून ओढत, किंवा मेण आणि लव्हेंडरचं तेल घातलेला मलम फडक्याने चोळत. मलम विकणारे तेव्हाही तो चित्राचं रक्षण करतो असंच सांगत.

रक्षण किती झालं? त्या काळच्या प्रतींत आज जिथे शुभ्र आकाश असायला हवं, तिथे बहुतेक वेळा पिवळट छटा आढळते. अंड्यातली प्रथिनं आणि साखर यांची आपसांत प्रक्रिया होते, शिवाय थरात उरलेली चांदी भर घालते. पावसाळ्यात दमट आणि उन्हाळ्यात कोरडी हवा मिळाली की थर आणि कागद वेगवेगळ्या मापाने फुगतात, आक्रसतात. मग तिरप्या उजेडात बारीक भेगांचं जाळं दिसतं. चित्राला शोभा देणारा थरच आधी म्हातारा झाला. चित्राला खरं आयुष्य दिलं ते न दिसणाऱ्या कामांनी: चांदीवर सोन्याच्या क्षाराचा संस्कार, चित्र पक्कं करणारा हायपो निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुणं, आणि अंधाऱ्या आल्बममध्ये मिटून पडणं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. कलोडियनच्या ओल्या थरावर चित्र घेतलेल्या काचांवर वॉर्निश चढवत, आणि अशा काचा दीड शतक टिकलेल्या आहेत. मग लेप निरुपयोगी कसा? पण तिथे शत्रू कोण होता ते पाहावं. एका काचेवर कागद दाबून पुन्हा पुन्हा प्रती काढायच्या, म्हणजे भीती घासण्याची. वॉर्निशने तीच अडवली. ते थोडं पिवळलं तरी काच भिंतीवर लावायची नसते. तात्पर्य, लेप स्पर्शापासून वाचवतो, काळापासून नव्हे.

इंकजेटला हाच हिशेब लागू पडतो. पिगमेंट शाई तकतकीत कागदाच्या वर बसते. म्हणून कोरा पांढरा भाग एका तऱ्हेने चमकतो, शाईचा दुसऱ्या, आणि तिरकं धरलं की सावल्यांवर तांबूस झाक येते. लेप हा दोष झाकतो, काळा खोल करतो, बोटांचे डाग आणि ओरखडे अडवतो. डाय शाईच्या प्रतीला हवेतल्या ओझोनपासून थोडा आडोसाही देतो. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही. मात्र चौकटीतली काच हेच काम करते आणि हवी तेव्हा काढता येते. बसलेला लेप पिवळला, तर तो चित्रासकटच पिवळतो. टिकाऊपणा हवा असेल तर तो शाईत शोधावा. आपल्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिल्या गेल्या. वॉर्निश नसतानाही अक्षर काळंभोर आहे, कारण काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन उजेडाने विटत नाही. कार्बन पिगमेंटची शाई आणि आम्लमुक्त कागद निवडला की निम्मं काम झालं.

दीनदयाळांच्या स्टुडिओच्या 2,857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. पिवळ्या पडलेल्या प्रतीचं मूळ शुभ्र आकाश आज पाहायचं, तर या काचांवरून नवी प्रत काढता येते. तेव्हा लेप जरूर द्या, पण शोभेसाठी. आणि मूळ फाइल जपून ठेवा.